कोलवाळच्या तुरुंगात न पाठवताही शिक्षा होते, ती कशी?

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या गावात एकोणीस वर्षांच्या मुलाने शेजाऱ्याच्या अंगणात वाळत घातलेली सुपारी रात्री पोत्यात भरली आणि सकाळी विकायला नेली, असं समजूया. असली चोरी पचत नाही. ज्याच्या घरी सुपारीचं एक झाड नाही तो स्कूटरवर पोतं टाकून निघाला की वाटेत विचारणारे दहा जण भेटतात. संध्याकाळपर्यंत गावाने निकालही देऊन टाकलेला असतो: "घाला आत. कोलवाळची हवा खाऊन आला की सरळ होईल."

कोलवाळ म्हणजे बार्देशातलं मध्यवर्ती कारागृह. 2015 साली आग्वादचा जुना तुरुंग बंद झाला, तेव्हापासून गोव्यात 'आत जाणं' म्हणजे कोलवाळला जाणं. पण या मुलाला तिथे पाठवू नये असंच कायद्याचं म्हणणं आहे, हे गावातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. आणि ही काही कालपरवाची सुधारणा नव्हे. यातला मुख्य कायदा 1958 चा, म्हणजे गोवामुक्तीच्याही आधीचा आहे. कायद्यात जे आहे ते प्रत्यक्षात का उतरत नाही, हा खरा गुंता आहे, आणि मला विचाराल तर त्याचं उत्तर कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. ते सापडतं माणसांच्या तुटवड्यात.

चारांतले तीन कच्चे कैदी

तुरुंगाऐवजी दुसरं काहीतरी, असं म्हटलं की लोकांना वाटतं, गुन्हा सिद्ध झालेल्याला मोकळं सोडायची ही युक्ती. पण मुळात तुरुंगात आहे कोण? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे 2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत 5,73,220 माणसं होती. त्यातले 4,34,302 कच्चे कैदी, म्हणजे ज्यांच्या खटल्याचा निकाल अजून लागायचा आहे असे. चारांतले तीन. शंभर जणांच्या जागेत सरासरी एकशे एकतीस माणसं कोंबलेली होती.

म्हणून तुरुंग टाळण्याचे मार्ग दोन वेगवेगळ्या टप्प्यांवर असतात आणि त्यांची गल्लत करू नये. पहिला टप्पा निकालाआधीचा: तिथे प्रश्न जामिनाचा. दुसरा निकालानंतरचा: तिथे प्रश्न शिक्षा कोणती द्यायची हा. मे 2024 मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले आणि अल्पवयीन चालकाला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, ते सगळ्यांना आठवत असेल. त्या निबंधाने या साऱ्या विषयाची जी बदनामी केली ती अजून धुऊन निघालेली नाही. 'तुरुंगाऐवजी' म्हटलं की लोक हसून विचारतात, "म्हणजे निबंध?" वस्तुतः ती शिक्षा नव्हतीच. खटला सुरूही व्हायच्या आत बाल न्याय मंडळाने घातलेली ती जामिनाची अट होती. अट हास्यास्पद होती, यात वाद नाही. पण तिच्यावरून शिक्षेच्या पर्यायांबद्दल मत बनवणं म्हणजे भलत्याच खटल्याचा निकाल भलत्याला लावणं.

सुपारीचं पोतं आणि पाच हजार रुपये

आता आपल्या सुपारीवाल्या मुलाकडे येऊ. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. 1860 च्या जुन्या संहितेत शिक्षांचे पाच प्रकार होते: मृत्युदंड, जन्मठेप, कैद, मालमत्ता जप्ती आणि दंड. नव्या संहितेच्या कलम 4 ने सहावा जोडला, सामुदायिक सेवेचा. म्हणजे कोर्ट सांगेल ते लोकोपयोगी काम बिनपगारी करायचं.

पण ही शिक्षा सरसकट कोणालाही देता येत नाही. ती मोजक्या गुन्ह्यांसाठी आहे: दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी धिंगाणा, अब्रुनुकसानी, सरकारी नोकराने बेकायदा धंदा करणं, कोर्टाने जाहीरनामा काढूनही हजर न होणं, सरकारी कामावर दबाव आणण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न, आणि किरकोळ चोरी. सामान्य माणसाच्या रोजच्या जगण्याशी संबंध येतो तो पहिल्याचा आणि शेवटच्याचा.

किरकोळ चोरी म्हणजे किती? कलम 303 म्हणतं, मालाची किंमत 5,000 रुपयांपेक्षा कमी असेल, चोर पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर शिक्षा सामुदायिक सेवेचीच. 'देता येईल' असं नाही, 'द्यावी' असं. शिवाय एवढ्या छोट्या चोरीत पोलिसांना कोर्टाच्या परवानगीवाचून तपास करता येत नाही आणि गुन्हा जामीनपात्र आहे.

इथे सुपारीच्या बाजारभावाला भलतंच महत्त्व येतं. दहा किलो सुपारी एका हंगामात पाच हजारांच्या आत बसेल, दुसऱ्या हंगामात बाहेर जाईल. मुलगा तोच, पोतं तेच, आणि शिक्षा मात्र झाडू किंवा तीन वर्षांपर्यंतची कैद. पंचनाम्यात लिहिलेला भाव कोणी ठरवला हे म्हणूनच बारकाईने पाहावं लागतं. आणखी एक मेख आहे. सुपारी उघड्या अंगणात होती की खोलीत? माल ठेवायच्या खोलीतून किंवा राहत्या घरातून चोरी केली तर कलम बदलतं, 305 लागतं. त्यात सात वर्षांपर्यंत कैद आहे आणि सामुदायिक सेवेचा उल्लेख नाही. दाराची कडी एवढा फरक करते.

मग कडी काढून आत गेलेल्या मुलाला तुरुंगच का? नाही. त्याच्यासाठी 1958 चा अपराधी परिवीक्षा अधिनियम आहे. वकील मंडळी याला सरळ 'प्रोबेशन' म्हणतात, मीही तेच म्हणतो.

प्रोबेशन: दोषी ठरवायचं, पण घरी पाठवायचं

प्रोबेशनमध्ये कोर्ट माणसाला दोषी ठरवतं, पण शिक्षा सुनावत नाही. त्याच्याकडून चांगल्या वर्तनाचं हमीपत्र घेतं, जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी, आणि सोडतं. बहुतेक वेळा प्रोबेशन अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली. दारू पिणार नाही, अमुक ठिकाणी राहीन, अशा अटी असू शकतात. अट मोडली तर कोर्टात परत बोलावतात आणि मूळ गुन्ह्याची शिक्षा तेव्हा सुनावतात. फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद असलेले गुन्हे सोडले तर बहुतेक गुन्ह्यांत हे शक्य आहे. याहूनही सौम्य मार्ग म्हणजे समज देऊन सोडणं. पहिल्या गुन्ह्यात, चोरी, फसवणूक किंवा दोन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा असेल तर तोही खुला आहे. ज्याचं नुकसान झालं त्याला भरपाई देण्याचा हुकूम कोर्ट याच कायद्याखाली करू शकतं. शेजाऱ्याला सुपारीचे पैसे मिळतात. मुलगा कोलवाळला गेला तर शेजाऱ्याला काय मिळतं? फक्त समाधान.

एकवीस वर्षांखालच्यांसाठी तर कायदा एक पाऊल पुढे जातो. कलम 6 म्हणतं, अशा मुलाला कैद द्यायचीच असेल तर कोर्टाने आधी प्रोबेशन अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा, आणि सोडणं का योग्य नाही याची कारणं लिहून ठेवावीत. म्हणजे सोडणं हा नियम आणि तुरुंग हा अपवाद. मात्र वय मोजतात ते गुन्ह्याच्या दिवशीचं नाही, दोषी ठरतो त्या दिवशीचं. आपला मुलगा एकोणीसाव्या वर्षी पकडला गेला आणि खटला तारखांवर तारखा घेत तीन वर्षं चालला, तर तो बावीसचा होतो आणि कलम 6 चं कवच गळून पडतं. याच कायद्याचं कलम 4, म्हणजे वर सांगितलेलं हमीपत्रावर सोडणं, उरतं, पण ते कोर्टाच्या मर्जीवर.

ही कल्पना निघाली ती कोणा न्यायपंडिताच्या डोक्यातून नव्हे. 1841 साली अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात जॉन ऑगस्टस नावाचा बूट बनवणारा कारागीर कोर्टात बसला होता. एका दारुड्याला तुरुंगात पाठवणार तोच याने उठून त्याची हमी घेतली. तीन आठवड्यांनी त्याला परत आणलं तेव्हा तो शुद्धीवर होता, नीटनेटका होता. न्यायाधीशाने त्याला एक सेंट दंड केला. ऑगस्टस 1859 मध्ये गेला, तोवर त्याने जवळपास दोन हजार माणसांची अशी हमी घेतली होती. पुढे सरकारांनी पगारी अधिकारी नेमले, कायदे झाले, फॉर्म आले. पण गाभा तोच राहिला: कोर्टासमोर उभं राहून 'याच्यावर मी लक्ष ठेवतो' म्हणणारा कोणीतरी लागतो.

अहवालात काय लिहायचं असतं

प्रोबेशन अधिकारी हे पद ऐकायला किरकोळ वाटतं. त्याचं काम पाहिलं तर सगळी इमारत त्याच्यावर उभी आहे हे कळतं.

कोर्टाने अहवाल मागितला की त्याने मुलाच्या घरी जायचं. घरात कमावतं कोण, बाप दारू पितो का, शाळा कितवीत सुटली आणि का, हॉटेलातली नोकरी सीझन संपला म्हणून गेली की भांडणाने, सोबती कोण, आधी काही तक्रारी होत्या का, हे विचारायचं. ज्याची सुपारी गेली त्याच्याशीही बोलायचं. मग शाळेचे जुने शिक्षक, पंच, शेजारीपाजारी. आणि या साऱ्यातून न्यायाधीशाला दोन-तीन पानांत सांगायचं की हा मुलगा बाहेर राहिला तर त्याला सांभाळणारं कोणी आहे का. सोडल्यावर वरचेवर भेटायचं. कायदा तर असंही म्हणतो की गरज पडली तर त्याला कामधंदा मिळवून द्यायचा प्रयत्न अधिकाऱ्यानेच करायचा.

आता सांगा, हे टेबलावर बसून होण्यासारखं काम आहे? घरी न जाता लिहिलेला अहवाल कोणालाही ओळखता येतो. 'आरोपीची आर्थिक परिस्थिती बेताची आहे, वर्तन समाधानकारक आहे', या दोन ओळींतून न्यायाधीशाला काय कळणार? अशा वेळी सावध न्यायाधीश सुरक्षित मार्ग धरतो आणि कैद सुनावतो. सोडलेल्या माणसाने उद्या काही केलं तर बोल कोर्टाला लागतो, आत पाठवलेला बिघडून बाहेर आला तर कोणालाच लागत नाही.

सामुदायिक सेवेचंही असंच अडतं. संहितेत शिक्षा आहे, पण तास किती, काम कुठे, देखरेख कोणाची, हजेरी कोण मांडणार, याबद्दल केंद्राचा कायदा गप्प आहे. पंचायत म्हणेल, आम्हाला कशाला ही ब्याद? आरोग्य केंद्र म्हणेल, चोराला औषधांच्या खोलीजवळ कसा फिरू देऊ? इंग्लंडने 1972 च्या कायद्याने ही शिक्षा आणली ती आधीच उभ्या असलेल्या प्रोबेशन खात्याच्या हाती देऊन. आपण शिक्षा आणली, पण ती राबवणारे हात आधी उभे केले नाहीत.

ज्याला गाव आहे त्याचं ठीक

गोवा लहान आहे. डिचोलीत कोणाला धरलं की रात्रीपर्यंत पेडण्याच्या मावशीला कळतं. या ओळखीचा तुरुंगाबाहेरच्या शिक्षेला मोठाच आधार आहे. काका जामीन राहतो, जमिनीचा एक-चौदाचा उतारा आणि घरपट्टीची पावती घेऊन कोर्टात येतो. पंच सांगतो, मुलगा वाईट नाही. पोदेर (पाववाला), दुकानदार, देवळाची समिती, सगळ्यांची नजर असते. असली देखरेख सरकारला पगार देऊन विकत घेता येत नाही.

पण म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मोबाइल उचलताना धरलेला पोरगा कोप्पळचा किंवा झारखंडचा असेल तर? तो बांधकामावर राहतो, ठेकेदाराने पहिल्याच दिवशी हात झटकले, भाड्याच्या खोलीचा करार नाही. गुन्हा तोच. पण त्याच्यासाठी उतारा घेऊन येणारा काका गोव्यात नाही. खुद्द 1958 च्या कायद्याच्या कलम 4 मध्येच अट आहे की अपराध्याचं किंवा त्याच्या जामीनदाराचं कोर्टाच्या हद्दीत कायमचं घर किंवा नेमका रोजगार असावा. त्यातच एक खिडकीही आहे: हमीपत्राच्या काळात तो जिथे राहण्याची शक्यता आहे तिथलं घर किंवा काम असलं तरी चालतं. म्हणजे कोप्पळला आई-बापाजवळ राहतो म्हटलं तर कायदा आडवा येत नाही. पण त्यासाठी गोव्यातल्या अधिकाऱ्याने कर्नाटकातल्या अधिकाऱ्याकडून माहिती मागवायची, ती वेळेत यायची, भाषा जुळायची. हे जुळवून आणणारा कोणी नसतो, म्हणून पोरगा आत राहतो.

जामिनाच्या टप्प्यावरही हेच. 1978 साली मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याला सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला, तर खालच्या कोर्टाने दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भाऊ पुढे आला तेव्हा त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यावर सडकून टीका केली. आपल्याच देशात माणूस परका कसा, असा त्यांचा रोख होता. त्याला आता जवळपास अर्धं शतक होत आलं. जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की स्थानिक जामीनदाराचा हट्ट धरू नये. जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं. त्याच वर्षी केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना काढली, तिच्यात तेव्हा ठरलं ते असं: जामिनाची रक्कम भरण्यासाठी कच्च्या कैद्याला 40,000 रुपयांपर्यंत आणि दंड भरता न आल्याने अडकलेल्या शिक्षा झालेल्या कैद्याला 25,000 पर्यंत मदत. शिवाय नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी खटल्यांची कार्यपद्धती ठरवणाऱ्या कायद्याच्या, कलम 479 प्रमाणे, पहिल्यांदाच अडकलेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला सोडायचं. अर्ज करायची जबाबदारीसुद्धा तुरुंग अधीक्षकाची. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून जास्त खटले चालू असलेल्यांना हे लागू नाही.

गोव्यात परदेशी आरोपीही असतात, त्यांचा पेच वेगळा. जुलै 2024 मध्ये एका नायजेरियन आरोपीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की गूगल मॅपवर आपलं ठिकाण तपास अधिकाऱ्याला सतत दिसत ठेव, अशी जामिनाची अट घालता येणार नाही. बाहेर सोडायचं आणि खिशात पहारेकरी ठेवायचा, हे चालायचं नाही. पायात इलेक्ट्रॉनिक पट्टा बांधण्याची जी हौस अधूनमधून डोकं वर काढते, तिच्याबद्दल माझंही मत फारसं बरं नाही. पट्टा माणूस कुठे आहे ते सांगतो, तो कसा आहे ते सांगत नाही.

व्यसनाचं प्रकरण

किनाऱ्यावरच्या पोलीस ठाण्यांत अमली पदार्थांचे गुन्हे रोजचेच. 1985 चा एनडीपीएस कायदा कडक म्हणून प्रसिद्ध आहे आणि मोठ्या प्रमाणाच्या बाबतीत तो तसा आहेही. त्यातल्या बहुतेक गुन्ह्यांत प्रौढाला प्रोबेशन मिळत नाही. पण विकणारा आणि व्यसनी यांत तो फरक करतो, हे सहसा बातमीत येत नाही. स्वतः सेवन केल्याच्या किंवा अल्प प्रमाण सापडल्याच्या गुन्ह्यात व्यसनी माणूस दोषी ठरला, तर कलम 39 खाली कोर्ट त्याला शिक्षेऐवजी सरकारी किंवा मान्यताप्राप्त संस्थेत उपचारासाठी सोडू शकतं. गोव्यात बांबोळीच्या आयपीएचबीत, म्हणजे सरकारी मनोरुग्णालयात, व्यसनमुक्तीचे उपचार होतात. आणि कलम 64-अ प्रमाणे, अशा छोट्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी स्वतःहून उपचाराला तयार झाला तर त्याच्यावर खटलाच चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं.

पोर्तुगालने याच वाटेवर पुढची मजल मारली. जुलै 2001 पासून तिथे स्वतःपुरता, म्हणजे साधारण दहा दिवसांचा साठा जवळ बाळगणं हा फौजदारी गुन्हा राहिला नाही. मनाई आहेच. पण पकडलेला माणूस कोर्टात न जाता तीन जणांच्या समितीसमोर जातो. त्यांच्यात कायदा जाणणारा असतो, तसा मानसशास्त्र किंवा समाजकार्यातलाही. व्यसनी असेल तर ते उपचाराकडे वळवतात, नुसता हौशी असेल तर समज किंवा दंड. विकणाऱ्याला मात्र तुरुंगच. ज्यांच्या दिवाणी कायद्यावर आपण अजून चालतो त्यांच्या या समित्यांचा आपण निदान अभ्यास तरी करावा.

दारूच्या बाबतीत तर दूर जायलाही नको. सार्वजनिक ठिकाणी पिऊन त्रास देणाऱ्याला न्याय संहितेच्या कलम 355 खाली चोवीस तासांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा सामुदायिक सेवा. पण जो रोज पितो त्याला बसस्थानक झाडायला लावून काय होणार? संध्याकाळी तो परत बारमध्येच. पर्वरीच्या 'संगाथ' संस्थेने गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष 2017 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांना डॉक्टरऐवजी प्रशिक्षण दिलेल्या साध्या माणसांनी थोडक्या बैठकांत समुपदेशन केलं. तीन महिन्यांनी त्यांतले 36 टक्के धोक्याच्या पातळीखाली आले होते; असं समुपदेशन न मिळालेल्यांत हे प्रमाण 26 टक्के. हा चमत्कार नाही, पण फरक ठळक आहे आणि तो आपल्याच आरोग्य केंद्रांत, गावच्या माणसांनी करून दाखवला आहे. कोर्टाची सामुदायिक सेवा आणि हे समुपदेशन एकमेकांना जोडायला केवळ एक पत्र लागेल, असं मला वाटतं.

गावाच्या हाती किती द्यायचं?

इथवर वाचून कोणाला वाटेल, मग गावानेच निवाडा करावा की. नको. ओळखीचं गाव आधार देतं तसंच ते गळाही आवळतं. वाळीत टाकणं हीही गावानेच दिलेली शिक्षा असते. महाराष्ट्राला त्याविरुद्ध 2016 चा वेगळा कायदा करावा लागला. म्हणून काम गावात, पण हुकूम कोर्टाचा, हे पथ्य पाळावंच लागतं.

काम कोणतं, हेही साधं नाही. कोर्टाने दलित मुलाला शौचालय साफ करायला आणि उच्चवर्णीय मुलाला वाचनालयात पुस्तकं लावायला सांगितलं तर ती जातीची शिक्षा झाली. तुरुंगात जातीप्रमाणे कामं वाटण्याचे नियम सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2024 मध्ये घटनाबाह्य ठरवले; बाहेरच्या शिक्षेत तेच मागच्या दाराने यायला नको. देवळाचं आवार झाडायला लावणंही मला पटत नाही, उद्या आरोपी दुसऱ्या धर्माचा असला की भांडण ठरलेलं. त्यापेक्षा पावसाळ्याआधी गावचा व्हाळ (ओढा) उपसणं, खाजन शेतीच्या, म्हणजे खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेल्या शेतीच्या, बांधाला माती घालणं बरं. बांधाचं काम गावकरीच्या, म्हणजे गावाच्या सामायिक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेच्या, काळापासून गोव्यात सगळ्यांनी मिळून करायचं काम आहे, त्यात हलकेपणा नाही, आणि बांध टिकला की मेहनत डोळ्यांना दिसते. गळ्यात पाटी अडकवून फोटो काढण्याची हौस मात्र पोलिसांनी आणि पत्रकारांनी दोघांनीही आवरावी.

काही गुन्हे तर या वाटेला आणूच नयेत. मध्य प्रदेशात विनयभंगाच्या आरोपीला पीडितेकडून राखी बांधून घेण्याची जामिनाची अट घातली गेली होती. मार्च 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि असल्या समेटाच्या कल्पनांवर कोरडे ओढले. बायका-मुलांवरच्या अत्याचारात 'गावात राहायचंय, मिटवून टाका' म्हणणारे फार असतात, आणि त्यात मिटतं ते तिचं तोंड.

मुलांचा रस्ता आधीपासूनच वेगळा आहे. अठरा वर्षांखालच्याने घोर गुन्हा केलेला नसेल आणि सोबत कोणी प्रौढ नसेल, तर एफआयआर नोंदवायचाच नाही, ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करून त्याच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल द्यायचा, असा 2016 चा नियम आहे. बाल न्याय मंडळ समज, समुपदेशन, सामुदायिक सेवा, देखरेख यांतलं काही सांगू शकतं.

आणि याने गुन्हे वाढत नाहीत का? 2021 साली चार अमेरिकी अभ्यासकांनी 116 अभ्यास एकत्र करून तपासले. तुरुंगात पाठवलेले आणि बाहेरच शिक्षा भोगलेले यांची तुलना केली, तेव्हा तुरुंगामुळे पुढचे गुन्हे कमी झाल्याचं दिसलं नाही. काही ठिकाणी किंचित वाढल्याचंच दिसलं. म्हणजे बाहेर ठेवलेला हमखास सुधारतो असा दावा कोणी करत नाही. पण 'आत घातला की सुधारतो' याला पुरावा नाही.

हे सगळं कायद्यात असूनही मागितल्याशिवाय क्वचित मिळतं. दोन वर्षांहून जास्त कैदेची तरतूद असलेल्या गुन्ह्यात दोषी ठरवल्यावर न्यायाधीश शिक्षेबद्दल आरोपीचं म्हणणं ऐकतात. ती वेळ पाच-दहा मिनिटांची असते आणि बरेच वकील 'आरोपी गरीब आहे, दया व्हावी' म्हणून खाली बसतात. त्याऐवजी हातात असायला हवा तो 1958 च्या कायद्याखालचा लेखी अर्ज, अधिकाऱ्याचा अहवाल मागवण्याची विनंती, वयाचा दाखला, काम देणाऱ्याचं पत्र, नुकसान भरून दिल्याची पावती. नोकरीची काळजी असेल तर त्याच कायद्याचं कलम 12 दाखवावं: प्रोबेशनवर सुटलेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. आधीच सरकारी नोकरीत असलेल्यावर खातं कारवाई करू शकतं, तेवढं लक्षात ठेवावं. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा 15100 हा क्रमांक आहे. कोठडीत असलेल्या कोणालाही, बाई-मुलांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि औद्योगिक कामगारांना तिथून उत्पन्नाचा दाखला न मागता मोफत वकील मिळतो, आणि आरोपी गोव्याचा असावा अशी अट त्यात नाही.